राजाच्या चर्चखालचा झरा

एका राज्यात, जिथं उन्हाळ्यातही डोंगरांवरचं बर्फ वितळत नसे, ग्रादिमीर नावाचा राजा होता. त्याच्या बापानं टेकडीवर सोनेरी घुमटांचं चर्च उभारलं होतं. ते चर्च जमिनीत खचू लागलं, आणि जसजसं ते खचे, तसतशी राजकन्या मिलेना पायांकडून दगड होई. दगड कमरेपर्यंत चढला. राजा घडोघडी तिच्या छातीवर हात ठेवून धडधड पाही.

एके सकाळी घुमटावरचा डोमकावळा बोलला, "राजा, इथं धनगरांचं लाकडी चर्च होतं. तुझ्या बापानं ते जाळलं, घंटा तळ्यात फेकली, तिथल्या विदोसावा जोगिणीला हाकललं. तिचाच हा शाप. घंटा काढ, जोगिणीला आण, मग ती सांगेल ते कर."

राजा तळ्यात उतरला. घंटेभोवती एक आंधळा मासा वेटोळं घालून होता.

"बदल्यात काय देशील?"

"मुकुट."

माशानं मुकुट गिळला नि घंटा सोडली.

राजा सीमेवरच्या मिठाच्या गुहेत गेला. विदोसावा फार म्हातारी झाली होती.

"माई, शाप मागे घ्या."

"शाप तोंडातून गेला, आता माझा उरला नाही. पण तुझ्याबरोबर येते मी. तुझ्यासाठी नव्हे, पोरीसाठी."

दोघं परतली तेव्हा चर्चमध्ये ठेवलेल्या मिलेनाच्या गळ्याशी दगड आला होता. तिचे डोळे तेवढे हलत होते.

जोगीण म्हणाली, "इथं चर्चमध्ये तुझ्या बापाची कबर आहे, ती झऱ्यावर आहे. सारी टेकडी त्या झऱ्यावर जगायची. कबर हलव. स्वतःच्या हातांनी."

सेनापती पुढं झाला. "महाराज, थोरल्या महाराजांना उकरणार?"

राजानं कबरीच्या शिळेला हात घातला. शिळा हलेना. आतून आवाज आला, "मी राजा आहे. मला इथून काढू नकोस."

"बाबा," राजा म्हणाला, "मिलेना गुदमरते आहे."

तशी शिळा पिसासारखी हलकी झाली.

खालून पाणी उसळलं, फरशीवरून वाहत मिलेनाच्या पायांना लागलं, तसा दगड ओसरत गेला. तिला ठसका लागला, आणि ती रडू लागली. राजा तिथंच ओल्यात बसला.

बापाला त्यानं बाहेर, धनगरांच्या कबरींशेजारी पुरलं. चर्च खचायचं थांबलं. सणाच्या दिवशी तळ्यातून काढलेली घंटा वाजली, दारं उघडली, तेव्हा धनगर आधी आत गेले. राजा मुलीचा हात धरून त्यांच्यामागून चालत गेला.