कात्रीचं फूल

फार पूर्वी झाडं, अवजारं आणि माणसं एकमेकांशी बोलत, तेव्हा एका बागेत एक झेंडू ताठ मानेने वाढत होता. भाद्रपदात हिरवळ कापून झाल्यावर गोदा माळीण त्याच्या वाफ्यापाशी आली आणि तिने कात्रीने त्याचा शेंडा छाटला.

"माझी मान कापलीस," झेंडू कात्रीवर चिडला. "तुला एकही फूल देणार नाही."

"नको देऊस," कात्री म्हणाली. "पण आधी फुलं तर येऊ देत."

छाटल्या जागेखालून फांद्याच फांद्या फुटल्या. खंडेनवमीला झेंडू फुलांनी लगडला होता. गोदा अवजारं धुऊन, पूजेला मांडून फुलं तोडायला आली.

झेंडूने सगळ्यात टपोरं फूल पुढे केलं.

"हे कात्रीला वाहा," तो ऐटीत म्हणाला. "माझा शेंडा तिनेच छाटलाय."