पाच लिटरची परीक्षा

घाटाच्या पायथ्याला वसलेल्या एका बाजारपेठेच्या गावात एकदा एक व्यापारी मोठ्या पेचात सापडला. काजूच्या धंद्यात त्याने नाव कमावले होते आणि आईच्या स्मरणार्थ काही चांगले करावे, असे त्याच्या मनात होते. घाटमाथ्यावर सात वाड्या होत्या. तिथे दवाखाना नव्हता. आजारी माणूस खाली आणायचा तर दुधाच्या टेम्पोची वाट पाहावी लागे आणि तो दिवसातून एकदाच, संध्याकाळी उतरे. त्या वाड्यांसाठी एक गाडी घेऊन द्यावी, तिने रुग्णांना विनामूल्य खाली आणावे, असे व्यापाऱ्याने ठरवले. आता गाडी कोणती घ्यायची, एवढाच प्रश्न उरला.

हा प्रश्न त्याने दवाखान्यात जाऊन विचारायला हवा होता. त्याने विचारला पेट्रोल पंपासमोरच्या चहाच्या टपरीवर.

त्या टपरीवर गावातले गाडीवेडे रोज जमत. त्यांच्यात दोन तट होते. देशी तटाचे लोक म्हणत, आपल्या खड्ड्यांना आपलीच गाडी ओळखते आणि तिचा सुटा भाग तालुक्याला मिळतो. परदेशी तटाचे म्हणत, आधी गाडीचे दार नुसते लावून आवाज ऐका, मग बोला. त्यावर देशीवाले ‘दुरून डोंगर साजरे’ असे पुटपुटत. लग्नाचा वाढदिवस विसरणारी ही माणसे, कोणती गाडी लिटरमागे किती धावते हे मात्र दशांशासह सांगत. व्यापाऱ्याने प्रश्न टाकला आणि आठ दिवस टपरीवर दुसरा विषय निघाला नाही. नवव्या दिवशी प्रकरण गचांडी धरण्यापर्यंत गेले.

परदेशी तटाचा म्होरक्या शिंत्रे नावाचा गृहस्थ होता. बारा वर्षे आखातात नोकरी करून तो परतला होता आणि परदेशी बनावटीची गाडी बाळगून होता. देशी तटाचा भार भैरू नावाच्या तरुण मिस्त्रीवर होता. भैरू ज्यांच्या हाताखाली शिकला, त्या वृद्ध मिस्त्रींना सारे गाव वस्ताद म्हणे. वस्तादांच्या गॅरेजात दोन्ही तटांच्या गाड्या येत आणि दोन्ही तटांचे त्यांच्याविषयी चांगले मत होते. नऊ वर्षांत त्यांनी भैरूला एकदाही शाब्बास म्हटले नव्हते. भैरूला ते फार लागत असे. या वेळी मात्र आपण जिंकणार आणि वस्ताद तो शब्द उच्चारणार, असे त्याने मनाशी पक्के धरले.

परीक्षा अशी ठरली. दोन्ही गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करायच्या, प्रत्येकीत मोजून पाच लिटर पेट्रोल घालायचे आणि झाकणावर लाखेची मोहोर लावायची. घाट चढायचा, सात वाड्यांना वळसा घालायचा आणि खाली यायचे. जिच्या टाकीत जास्त पेट्रोल उरेल, ती गाडी व्यापारी घेणार. शिंत्रेच्या गाडीत साक्षीला व्यापाऱ्याचा मुनीम बसणार होता आणि भैरूच्या गाडीत वस्ताद.

आठवडाभर भैरू जेवणखाण विसरला. वजन कमी तेवढे पेट्रोल कमी, या एका सूत्राने त्याला झपाटले. त्याने स्टेपनी काढली, जॅक काढला, पाने काढले. चाके हलकी फिरावीत म्हणून हवा वाजवीपेक्षा जास्त भरली. शेवटी मागची सीटही खोलून गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवली. ती पाहून वस्तादांनी विचारले, की मागे बसणाऱ्याने कुठे बसायचे. मागे कुणी बसणारच नाही, असे भैरू म्हणाला. वस्ताद त्यावर काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत, म्हणजे त्यांना पटले, अशी भैरूने आपली समजूत करून घेतली.

आणखी एक युक्ती त्याने राखून ठेवली होती. घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि किल्ली फिरवून इंजिनच बंद करायचे. बारा किलोमीटरचा उतार गाडी आपल्या वजनाने उतरते, एक थेंब जळत नाही. घाटातले कितीतरी ड्रायव्हर असे करत आणि त्याची फुशारकीही मारत. बंद इंजिनावर ब्रेक जड होतो, हे वस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवले होते. भैरू ते विसरला नव्हता. त्याने त्याकडे काणाडोळा केला होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला गाड्या निघाल्या. पुढे शिंत्रे, मागे भैरू. घाट चढताना भैरूचा पाय ॲक्सिलरेटरवर इतका हलका होता, की पोटरीला कळ लागली. वस्ताद शेजारी बसून दरीकडे पाहत होते. सहा वाड्या झाल्या. सातव्या वाडीपाशी रस्त्याच्या कठड्यावर एक बाई बसली होती. तिने डावा हात उजव्या हाताने धरला होता आणि तिचा नवरा दोन्ही हात पसरून रस्त्यावर उभा होता.

पुढच्या गाडीने हॉर्न दिला. माणूस बाजूला झाला, शिंत्रेने खिडकीतून मागे बोट दाखवले आणि त्याची गाडी निघून गेली.

भैरूला सगळे दिसले. बाईचा हात कोपरापर्यंत सुजलेला होता, तेही दिसले. पण थांबायचे म्हणजे मोडलेला वेग पुन्हा धरायचा, पहिला गिअर टाकायचा, कपभर पेट्रोल जाळायचे. कुणीतरी येईलच मागून, असे त्याच्या मनात आले आणि ॲक्सिलरेटरवरून त्याचा पाय उचलला गेला नाही. माणूस पुन्हा बाजूला झाला. या वेळी त्याने हात खाली सोडले होते.

“थांबव,” वस्ताद म्हणाले.

भैरूने करकचून ब्रेक दाबला. त्याला वस्तादांचा राग आला आणि राग आला याची लाजही वाटली. वस्ताद उतरले, चालत मागे गेले आणि त्या दोघांना घेऊन आले. जळणाचा भारा उचलताना बाईच्या बोटाला फुरसे चावले होते. वस्तादांनी तिला आपल्या जागेवर बसवले, हात हलू नये म्हणून आपल्या पंच्याची झोळी करून तिच्या गळ्यात बांधली आणि सीटचा पट्टा लावला. नवऱ्याला त्यांनी मागे, उघड्या पत्र्यावर बसायला सांगितले. मग दार लावून घेतले आणि स्वतः जाऊन कठड्यावर बसले.

“वस्ताद, तुम्ही?” भैरूने विचारले.

“मी टेम्पोनं येतो. माझं वजन उतरलं, तिचं चढलं. तुझा हिशोब लई चुकायचा न्हाई. जा.”

भैरू निघाला. वस्तादांच्या बोलण्यात टोमणा होता की सवलत, हे त्याला कळेना. उतार लागला आणि आठवडाभराच्या सरावाने त्याच्या हाताने न सांगता गिअर न्यूट्रलला टाकला, किल्ली फिरवली. इंजिन थांबले. गाडीत फक्त वाऱ्याचा आणि चाकांचा आवाज राहिला. पहिले वळण ठीक गेले. दुसऱ्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, तेव्हा पायाखाली लाकडाचा ओंडका असावा तसा तो घट्ट लागला. गाडी कठड्याच्या बाजूला ओढली गेली. मागे तो माणूस पत्र्यावरून घसरत जाऊन दारावर आदळला आणि बाईचे डोके काचेला लागले. ती ओरडली नाही. विषाने तिच्या हिरड्यांतून रक्त येत होते आणि ओठ पुसायचेही तिला भान नव्हते.

तिसरे वळण समोर दिसत होते आणि त्यापुढे दरी होती. भैरूने किल्ली फिरवली, इंजिन सुरू केले आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढली. गाडी किंचाळली, थरथरली आणि आवरली गेली.

“दादा, पोचंल का हो ही?” मागून नवऱ्याने विचारले.

“पोचंल. दोन्ही हातांनी तिचं डोकं धरा, हालू देऊ नका.”

मग मात्र त्याने पेट्रोलचा काटा पाहिला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, प्रत्येक वळण तोलत तो घाट उतरला. खालच्या सपाट रस्त्यावर जेवढी पळेल तेवढी गाडी पळवली. पंपावर सारे गाव जमले होते. शिंत्रेची गाडी तिथे उभी होती आणि तिच्याभोवती परदेशी तटाचा निकालाआधीच गुलाल चालला होता. भैरूची गाडी त्या सगळ्यांसमोरून न थांबता दवाखान्याकडे गेली. ब्रेक गेला की काय, असे कुणीतरी म्हणाले आणि लोक हसले.

दवाखान्याच्या पायरीवर भैरू सूर्य कलेपर्यंत बसून होता. नर्स दोनदा बाहेर आली, दोन्ही वेळा काही न सांगता आत गेली. आपण तिथे न थांबता पुढे गेलो होतो, ती वीस पावले तो पुन्हा पुन्हा मोजत होता. तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला आणि वस्ताद उतरून त्याच्या शेजारी येऊन बसले.

“तुम्ही उतरला कशाला?” भैरूने खाली पाहत विचारले. “मला नुसतं बोलला असता तरी चाललं असतं.”

वस्ताद म्हणाले, “तू आठवडाभर एकेक वजन उतरवत आलास. स्टेपनी उतरवली, सीट उतरवली. आज ती बाई दिसली, तर तीबी तुला वजनच वाटली. उतरवण्याजोगं गाडीत आता माझंच उरलं होतं, म्हणून मी उतरलो. भैरू, ह्या घाटातनं पावसाळ्यात दरडीचं दगड खाली येत्यात. एक थेंब पेट्रोल पीत न्हाईत. ॲव्हरेज बघायचं तर दगडासारखी गाडी न्हाई. गाडी पेट्रोल पिते ती माणसासाठी. आपण माणूस काढून ठेवला आणि उरलं किती ते मोजत बसलो. मग ती देशी असली काय आणि परदेशी असली काय!”

भैरूने मान वर केली नाही. वस्तादांनीही ती वर करायला सांगितले नाही.

एवढ्यात पंपावर वाट पाहून कंटाळलेले व्यापारी, मुनीम आणि शिंत्रे तिथे आले. मुनिमाच्या हातात मापाचे भांडे होते. नियमाप्रमाणे भैरूच्या टाकीतले पेट्रोल मोजायचे राहिले होते. पण व्यापाऱ्याची नजर आधी गाडीच्या उघड्या पत्र्याकडे गेली आणि मग दाराच्या काचेवर लागलेल्या रक्ताकडे. काय झाले, ते वस्तादांनी चार वाक्यांत सांगितले. व्यापाऱ्याने मुनिमाला भांडे खाली ठेवायला सांगितले.

शिंत्रेच्या कपाळाला अजून गुलाल होता. तो कुणाकडे न पाहता म्हणाला, “मला वाटलं, मागनं भैरू येतोय. तो घेईल.”

हे ऐकून व्यापारी रागाने काही बोलणार होता. भैरूने त्याला हाताने थांबवले. हरण्यापेक्षा कठीण असे काही त्याला आता बोलायचे होते आणि ते वस्तादांदेखत बोलायचे होते.

“शिंत्रेसाहेब, तुमच्या मागं मी तरी होतो. मलाबी तसंच वाटलं, मागनं कुणीतरी येईल. माझ्या मागं कुणीच नव्हतं.”

मग नर्स बाहेर आली आणि तिने सांगितले, की रक्त थांबले आहे, बाईने पाणी मागितले आहे, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आले नसते. बाईचा नवरा तिच्या मागोमाग आला. तो भैरूच्या पाया पडायला वाकला, तसा भैरू पायरीवरून उठून दूर झाला. ते पाया पडणे त्याला सोसले नसते.

शेवटी व्यापाऱ्याने वस्तादांना विचारले, की आता गाडी घ्यायची तरी कोणती. सुटा भाग जवळ मिळेल ती घ्या, असे वस्ताद सहज म्हणाले, तिचा कारखाना कुठल्या देशात आहे ते कारखानदार बघून घेतील. आणि चालवायला कोण, असे विचारल्यावर त्यांनी भैरूकडे पाहिले.

“मी थांबलो नव्हतो, वस्ताद,” भैरू म्हणाला. “तुम्ही थांबवलं.”

“ते चौघांदेखत सांगितलंस ना? बास झालं.”

वस्ताद शाब्बास म्हणाले नाहीत. भैरूने त्या शब्दाची वाटही पाहिली नाही.

व्यापाऱ्याने देशी गाडी घेतली आणि चालवायला भैरूला दिली. तिच्यात आजारी माणसाला आडवे होता येईल अशी गादीची जागा शिंत्रेने स्वतः उभे राहून करून घेतली. टपरीवरचा वाद अजून चालू आहे. असले वाद मिटत नसतात आणि मिटले तर चहावाल्याने जगावे कसे? भैरू मात्र त्यात फारसा दिसत नाही. घाटात कठड्यापाशी कुणी उभे दिसले, की तो गाडी थांबवतो. मागून कुणी येते आहे का, हे तो आता पाहत नाही.