आधी काम, मग गूळ

एका गावात एक भोळा बाप होता. नाव भिकोबा. त्याची लेक ठकी चालायला शिकली, बोलायला शिकली, पण संडासला कुठं बसायचं ते काही शिकेना. भिकोबाच्या बहिणीचं, चंपाचं, एक चांगलं स्थळ तर ठकीनं पाहुण्यांच्या सतरंजीवरच मोडलं होतं. आता रविवारी दुसरं स्थळ येणार होतं. चंपाचा जीव टांगणीला लागला.

भिकोबाची बायको सुंदरा म्हणाली, "अहो, मी शेतावर चालले. पोरीला संडासात बसवा. गूळ दिला की बसते."

भिकोबानं गूळ दिला. ठकीनं तो खाल्ला आणि ओसरीवरच कार्यक्रम उरकला.

सुंदरानं कपाळावर हात मारला. "आधी काम, मग गूळ! जाऊन आल्याशिवाय कुणाच्या हातावर खडा ठेवायचा नाही!"

"बरं."

"आणि कोपऱ्यात गप्प बसून तोंड लाल झालं, की विचारत बसायचं नाही. उचलायचं आणि पळायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात कोंबडी गप्प बसली होती. तोंड तर लालभडक. भिकोबानं तिला उचललं, पळाला आणि संडासात नेऊन बसवलं. अंडं गेलं भांड्यात.

"अहो, कोंबडी कशाला नेलीत? मी माणसांचं सांगत होते!"

"बरं. माणसांचं."

कोंबडीला बसलेलं पाहून ठकीला मात्र हुरूप आला. ती आपणहून जाऊन बसायला लागली. चंपानं तिचे मुकेच मुके घेतले.

रविवारी पाहुणे आले. चंपानं पोहे दिले. ठकी शहाण्यासारखी बसून राहिली. सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त नवऱ्या मुलाचे वडील, तात्या, कोपऱ्यात गप्प होते आणि त्यांचं तोंड लाल होत चाललं होतं.

भिकोबानं विचारलं नाही. उचललं आणि पळाला. धोतराचा सोगा दारातून दिसेनासा झाला. चंपा रडायलाच लागली.

थोड्या वेळानं तात्या हसत हसत परत आले. "मघापासून जीव नुसता कोंडला होता हो! नव्या घरी विचारायचं तरी कसं? न सांगता ओळखणारी माणसं आहेत ही. सोयरीक पक्की!"

भिकोबानं टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "शहाणं गं माझं बाळ ते!"

सुंदरा हरखून म्हणाली, "अहो, आता सगळ्यांचं तोंड गोड करा की!"

भिकोबानं गुळाचा डबा घट्ट पोटाशी धरला.

"असं कसं? बाकीचे अजून कुठं जाऊन आलेत?"

आणि डबा चंपाकडे देऊन त्यानं विहीणबाईंना उचललं.