रणधवल राजाची लाकडी प्रजा

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता, आणि त्या अख्ख्या राज्यात जिवंत असा तो एकटाच होता. माणसं नव्हती असं नव्हे. शहर भरलेलं होतं! पण सगळी लाकडाची, पोटात पितळी चाकं असलेली, आपली आपण चालणारी. प्रधान चाले, सेनापती चाले, पाणी भरणाऱ्या बायका रांगेनं चालत. राजानं काही म्हटलं की मानेतली कळ खट्ट वाजे आणि उत्तर येई, "जी महाराज."

आता हे केलं कुणी? त्याचं त्यानंच. सात वर्षांमागं भर दरबारात त्याची एकुलती एक लेक पद्मलेखा उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, प्रजेचं तळं बुजवून महाल बांधू नका." राजाचा नुसता तिळपापड झाला. नेमका त्याच दिवशी कूटकंठ नावाचा मांत्रिक यंत्राचा मोर घेऊन आला होता. नाच म्हटलं की मोर नाचे, थांब म्हटलं की थांबे. राजा बोलून गेला, "माझी माणसं अशी असती तर!" अहो, भरल्या घरात असं बोलू नये, वास्तुपुरुष ऐकत असतो. इथं तर मांत्रिकच ऐकत होता. "तथास्तु," म्हणाला, आणि मोर काखोटीला मारून चालता झाला. त्याची पाठ वळते न वळते तोच सगळी माणसं लाकडाची झाली, पद्मलेखासुद्धा.

पहिलं वर्ष राजाला बरं गेलं, खोटं कशाला सांगू? मग करमेना. सोंगट्यांच्या डावात प्रधान रोज हरे. राजानं विनोद केला की तीनशे पुतळे एका दमात हसत आणि एका दमात थांबत. एकदा जेवताना त्याला ठसका लागला. सवयीनं तो म्हणाला, "कुणी बरं आठवण काढली?" आणि घास हातातच राहिला. त्याची आठवण काढणारं होतं कोण? त्या दिवशी राजा ढसाढसा रडला. पुतळ्यांनी पाहिलं, आणि हुकमाची वाट बघत उभे राहिले.

सातवं वर्ष सरता सरता एक सुतारपक्षी आला. पद्मलेखेच्या खांद्यावर बसून त्यानं तिच्या छातीवर तीनदा चोच मारली.

"राजा, हिचा गाभा अजून ओला आहे. तीन दिवसांनी वाळेल. मग ही कायमची लाकूड."

"उपाय सांग, पक्षिराजा. माझी लेक मला परत दे!"

"हिनं तुला तोंडावर नको म्हणायला हवं. ही सुटली की सगळे सुटतील."

राजा लगबगीनं वळला. "पद्मलेखा, मला नको म्हण!"

"जी महाराज. नको." आणि काही म्हणता काही झालं नाही.

"हुकमानं नव्हे रे, वेड्या!" पक्षी म्हणाला. "तीन कामं कर. आज स्वतःच्या हातानं पाणी भर. उद्या स्वतःच्या हातानं चूल पेटव. परवा भात रांध, पंगत बसव आणि एकेकाला वाढ."

तुम्हाला वाटलं असेल, राक्षसाचा डोळा आणायला सांगेल. छे! राजाला ते सोपं गेलं असतं. पहिल्या दिवशी दोरानं त्याचे तळहात सोलले आणि दोन घागरी विहिरीत गेल्या. दुसऱ्या दिवशी धुरानं डोळे सुजले, मिशी जळली, आणि चूल पेटली ती दिवेलागणीला. तिसऱ्या दिवशी भात झाला. काही करपला, काही कच्चा राहिला, पण झाला.

पंगत बसली. राजा पातेलं आणि वाढायचा डाव घेऊन पानापानाशी गेला. "घ्या!" म्हणाला की "जी महाराज" येई, आणि पुतळा घास मोजल्यासारखा जेवू लागे. तीनशे पानं झाली. नको कुणीच म्हणेना. राजाची कंबर मोडली, पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता, आणि ऊन उतरलं तेव्हा शेवटचं एक पान उरलं. पद्मलेखेचं. पातेल्याच्या तळाशी भातही एका मुदीपुरताच होता.

राजा तिच्यापुढं मांडी घालून बसला. हुकूम करायचं त्राणच नव्हतं त्याच्यात.

"घे गं बाळ," तो म्हणाला. "तुझ्या आईसारखा नाही जमला. पण एवढा घे, माझ्यासाठी."

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी आग्रहानं वाढायला आलं की पोटात जागा असो नसो, हात आधी पानावर आडवा जातो. हे लहानपणीच अंगात मुरतं. कूटकंठानं पुतळ्यांत हुकमाची कळ बसवली होती, पण आग्रहाचं त्याला काय ठाऊक? त्या मेल्याला जन्मात कुणी जेवायला बोलावलं नसेल!

पद्मलेखेचा हात करकरला. हळूहळू उचलला गेला आणि पानावर आडवा झाला.

"नको आबा," ती म्हणाली. "मग तुम्हाला काय उरलं?"

तेवढंच. पंगतभर पितळी चाकं खळाखळा गळून पडली. सेनापती ओरडला, "भात कच्चा आहे!" प्रधान म्हणाला, "मीठ नाही कुणाला सुचलं?" बायका एकदम बोलू लागल्या, कुणाचं कुणाला ऐकू जाईना. त्या गलक्यात राजा रिकामा डाव हातात धरून हुंदके देत होता. पद्मलेखेनं त्याला हाताला धरून शेजारी बसवलं, ती मूद मोडून अर्धी त्याच्यापुढं सारली आणि म्हणाली, "रडू नका. आधी जेवा." राजा जेवला.

रणधवलाला त्याची पंगत मिळाली, तशी एकट्यानं जेवणाऱ्या प्रत्येकाला मिळो.