साळवेसाहेबांचा टेनर

"...आणि बाईंनी काही न बोलता दिला?" गुलाबमास्तरांनी विचारलं.

"काय बोलणार?" विश्राम म्हणाला. "दोष त्यांच्याच कानांना ऐकवला. बोलायला जागाच ठेवली नाही."

आणि स्वतःवरच खूश होऊन हसला.

खाटेवर, मास्तरांच्या गोधडीवर, एक जुना टेनर सॅक्सोफोन ठेवला होता. वरचा सोनेरी मुलामा जागोजागी उडालेला, पण चाव्या एकसारख्या, कुठे डगमग नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची परदेशी घडण. विश्रामची नजर सारखी त्याच्याकडे जात होती, नव्या नवरीकडे जावी तशी.

विश्राम खरात बार्शीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. इंजिन चालू केलं की कुठे काय बिनसलंय ते हा बॉनेट न उघडता सांगायचा, आणि त्याचं कौतुक इतरांपेक्षा त्यालाच जास्त. अकरा वर्षं तो मास्तरांकडे शिकत होता, तेही मास्तरांच्याच वाद्यावर, कारण स्वतःचं नव्हतं. मास्तर लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं वाजवून आता घरी बसलेले. शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. बोलायचेही मोजकंच.

बाजारात नवे टेनर स्वस्तात मिळतात, नाही असं नाही. पण जुन्या घडणीच्या वाद्याचा तो भरदार, पोटातून आल्यासारखा आवाज एकदा कानात बसला की माणूस कामातून गेला. आणि त्याची किंमत ऐकली की त्याची बायको कामातून जाते. विश्रामने सहा वर्षं ओव्हरटाइम करून, घरात रोज बोलणी खाऊन, पंचेचाळीस हजार जमवले होते. तेवढ्यात जुना टेनर येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी शोध चालूच होता.

मग खबर लागली. दौंडला साळवे नावाचे रेल्वेतले गार्ड होते, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या बँडमध्ये टेनर वाजवायचे. गेल्या नाताळाच्या आधी वारले. त्यांच्या बाईंना वाद्य विकायचं होतं.

गेल्या सुट्टीला विश्राम दौंडला जाऊन आला होता, आणि तेच आता मास्तरांना मीठमसाला लावून सांगत होता. एस्तेरबाईंनी पेटी कशी उघडली, आतला फ्लॅनेलचा कपडा कसा धुतलेला होता, चहाबरोबर घरची नानकटाई कशी दिली. किंमत त्यांनी लाख सांगितली. स्वतःच्या मनाने नाही, साळवेसाहेबच सांगून गेले होते. शेवटची दोन वर्षं त्यांना फुंकायला दम राहिला नव्हता, तरी दर रविवारी चर्चमधून आले की टेनर मांडीवर घेऊन बसायचे. एकेक चावी, चावीखालचं भोक झाकणारं एकेक चामडी पॅड पुसत, तासन्‌तास. बाई वैतागायच्या. तेव्हा म्हणायचे, एस्तेर, मी तुझ्यासाठी काही मागे ठेवू शकलो नाही, पण हा असा राखलाय की अडीनडीला कुणीही डोळे झाकून घेईल.

"बरं," मास्तर म्हणाले. "वाजवून बघितलास?"

"बघितला ना."

"मग?"

विश्रामने टेनरवरून हात फिरवला.

"खरं सांगू, मास्तर? पहिला सूर लावला आणि अंगावर काटा आला. एक खोट नाही. माणसाने तळहातावर जपलाय."

"आणि खिशात पंचेचाळीस."

"पंचेचाळीस."

"तेवढंच सांगायचं होतंस."

"असं सांगून कोण देतं?"

मग विश्रामने पुढचं सांगितलं, आणि खरं म्हणजे हेच सांगायला तो आला होता. वाजवता वाजवता त्याने उजव्या हाताची अनामिका चावीवरून केसाएवढी उचलली. बघणाऱ्याला दिसणारही नाही इतकीच. तेवढ्याने हवा सुटते, आणि खालचा सूर फाटतो, पॅड गेल्यावर फाटतो तसा. बाई दचकल्या. याने मान हलवली, परत वाजवला, परत फाडला. मग गंभीर तोंड करून सांगितलं, की आतून गळतोय, सगळा उघडावा लागेल, साहेबांनी वरून पुसला पण आत काही बघितलं नाही.

चाळीसमध्ये सौदा झाला. पाच उरले सुद्धा.

"वाजव," मास्तर म्हणाले. "सगळ्यात खालचा."

विश्रामने टेनर गळ्यात अडकवला. श्वास घेतला. सूर असा आला की फळीवरचा स्टीलचा पेला थरथरला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. सूर संपला तरी मिटलेलेच होते.

"आता तिथं वाजवलास तसा."

विश्रामला वाटलं, मास्तरांना आपली करामत बघायचीय. त्याने अनामिका उचलली. सूर फाटला.

"कुणी शिकवलं हे?"

"तुम्हीच, मास्तर."

शिकवलं होतं खरं. अगदी पहिल्या महिन्यात. तेव्हा विश्रामचा खालचा सूर लागायचा नाही, आणि तो वाद्याला नावं ठेवायचा. मास्तरांनी त्याचं बोट धरून दाखवलं होतं, की बोट एवढंसं उचललेलं राहिलं तरी पॅड फाटल्यासारखा आवाज येतो. तेव्हा आधी आपलं बोट बघायचं. वाद्याला मागाहून बोलायचं.

आता मास्तरांनी स्वतःच्या उजव्या हाताची अनामिका डाव्या मुठीत धरली, आणि खाली बघत बसले. विश्रामचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"बाई काय म्हणाल्या?" मास्तरांनी विचारलं.

"द्याल ते द्या, म्हणाल्या."

"त्याच्या आधी?"

विश्रामने टेनर गळ्यातून काढला. हे त्याने सांगता सांगता गाळलं होतं, आणि मास्तरांना ते बरोबर कळलं होतं.

"म्हणाल्या... म्हणजे नुसते बोलायचेच."

"कोण?"

"साळवेसाहेब."

मास्तर उठले. माठातलं पाणी प्यायले. परत येऊन बसले.

"पैशांचं होईल काहीतरी," ते म्हणाले. "त्या माणसाचं काय करणार आहेस?"

त्या रात्री विश्रामला जेवण गेलं नाही, आणि नवं वाद्य घरात असून त्याने पेटी उघडली नाही. बायकोला वाटलं, फसला बिचारा. पुढे आठवडाभर डेपोत गाडीखाली पडल्या पडल्या त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र. एक म्हातारा माणूस, दम नसलेला, मांडीवर टेनर घेऊन पॅड पुसतोय, आणि बायको म्हणतेय, नुसते बोलायचेच. आपण ज्याला कधी बघितलंही नाही त्याला आपण त्याच्याच घरात खोटं पाडून आलो, याची त्याला मनस्वी लाज वाटली.

पुढच्या सुट्टीला तो टेनर घेऊन दौंडला गेला. उरलेले पाच हजार बरोबर घेतले, आणि लाखातले बाकीचे महिन्याच्या महिन्याला आणून देतो असं सांगायचं ठरवलं.

एस्तेरबाईंनी दार उघडलं, आणि पेटी बघून त्यांचा चेहराच पडला. त्यांना वाटलं परत करायला आलेत. आत बसवलं, पाणी दिलं, आणि त्याने तोंड उघडायच्या आधीच माफी मागितली. मोडकी वस्तू गळ्यात मारली तुमच्या, म्हणाल्या, तेव्हापासून मनाला चैन नाही.

विश्रामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने सगळं सांगितलं, एका दमात. वाद्यात काही खोट नव्हती. माझ्याकडे पैसे कमी होते. मी बोट उचललं. साहेबांनी तुम्हाला सांगितलं ते अक्षर न्‌ अक्षर खरं होतं.

बाई ऐकत होत्या.

मग त्याने पेटी उघडली आणि वाजवला. नीट, सगळी बोटं दाबून. त्या दोन खोल्यांच्या घरात तो सूर मावेना. बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि विश्रामला वाटलं, झालं, पोचलं एकदाचं.

"किती छान केलंत हो दुरुस्त," बाई म्हणाल्या.

"दुरुस्त नाही केला, काकू. एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही."

बाई हसल्या.

विश्रामने बोट उचलून दाखवलं. सूर फाटला. बोट दाबून दाखवलं. सूर जुळला. चार वेळा दाखवलं. घाम फुटला त्याला. बाई समजूतदारपणे मान हलवत होत्या, पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून हलवतात तशी.

"पुरे आता, भाऊ," शेवटी त्या म्हणाल्या. "मोठ्या मनाचे आहात तुम्ही. एवढा खर्च करून दुरुस्त केलात, वर इतक्या लांबून साहेबांची बाजू घ्यायला आलात. पण मी रागावलेली नाही त्यांच्यावर. माणूस फार चांगला होता. फक्त बोलायचे जास्त."

विश्रामने पैसे पुढे केले. त्यांनी हातच लावला नाही. उलट दुरुस्तीला काय लागले ते विचारलं, आणि त्यातले थोडे देऊ केले.

साहेब ज्याने पॅड साफ करायचे ते सामान तरी बघू द्या, असं तो म्हणाला. म्हणजे त्यातलंच काही दाखवून पटवता आलं तर बघावं. मागच्या खेपेला बाई बोलल्या होत्या, एक बिस्किटांचा डबा होता. बारका स्क्रूड्रायव्हर, तेलाची बाटली, कापसाच्या काड्या, आणि एक वही. कोणत्या रविवारी काय केलं ते साहेब त्यात लिहून ठेवायचे.

"दिला भंगारवाल्याला," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी गेलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, कशाला ठेवायचं आता."

निघताना त्यांनी नानकटाईची पुडी बांधून दिली. त्याने घेतली. नाही म्हणण्याचंही तोंड नव्हतं.

परतीच्या गाडीत तो पेटी मांडीवर घेऊन बसला, आणि स्टँडवरून घरी न जाता तसाच मास्तरांकडे गेला. या वेळी काहीही गाळलं नाही. मास्तर भिंतीला टेकून ऐकत होते.

"वाजवून दाखवला, मास्तर. बोट दाखवलं. पैसे पुढे केले. अजून काय करायचं माणसाने?"

त्याने पेटी खाटेवर ठेवून उघडली.

"खोटं बोललो तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न नाही विचारला. आणि आज..."

तो रडत होता. पंचेचाळीस वर्षांचा गडी, हाताला ऑइलचा वास, आणि डोळे पुसत होता.

मास्तरांनी त्याला रडू दिलं.

मग त्याला एकदम सुचलं. मास्तरांनीच यावं. पुढच्या सुट्टीला, गाडीने, तो नेईल आणि आणील. मास्तर वयाने मोठे, आयुष्यभर वाजवलेले. त्यांनी वाद्य हातात घेऊन सांगितलं तर प्रश्नच मिटला.

"चला ना, मास्तर. तुमच्यावर तरी विश्वास ठेवतील."

मास्तरांनी हळूच पेटीचं झाकण लावलं. दोन्ही कड्या बसवल्या.

"बाईंचा विश्वास ठेवून झालाय, विश्राम, त्या पहिल्या फाटक्या सुरावरच."