लव्हाळा हटेना

करंगळी पुढं कर बघू. तिच्यावर नख आहे ना? तेवढासाच होता एक नाकतोडा.

त्याचं नाव टिकलू. टिकलूला अजून पंख फुटले नव्हते. उडता येत नव्हतं. नुसत्या उड्या मारता यायच्या. टुप टुप टुप.

टिकलू राहायचा कुमुदकाकूंच्या अंगणात. तिथं नवी हिरवळ आली होती. टेम्पोत बसून आली होती, चटईसारखी गुंडाळून. भिवाकाका माळ्यांनी एक चटई पसरली. तिच्या शेजारी दुसरी पसरली. दोन चटयांच्या मधे राहिली एक छोटी फट. तीच टिकलूची खोली.

रोज संध्याकाळी साळुंकी यायची. पिवळी चोच, पिवळे पाय. ठुमक ठुमक चालायची आणि नाकतोडे शोधायची. कशाला? खायला. दुसरं कशाला?

पण टिकलू शहाणा. साळुंकी आली की फटीत शिरायचा. वर मऊ गवत पांघरायचा. साळुंकीला तो दिसायचाच नाही.

एक दिवस टिकलू खेळून घरी आला. बघतो तर काय, खोलीत कुणीतरी उभं. उंच उंच. ताठ ताठ. हिरवं हिरवं. तो होता लव्हाळा. मातीखालून आला, चटया बाजूला सारल्या, आणि बसला ठाण मांडून. ना विचारलं, ना सवरलं.

टिकलू म्हणाला, "लव्हाळ्या, लव्हाळ्या, हट ना. ही माझी खोली."

लव्हाळा म्हणाला, "मी नाही हटत जा. भिवाकाका उपटतील, तर हटेन."

टिकलूला रडू आलं. पण रडत बसला असता तर साळुंकी आली असती. त्यानं डोळे पुसले आणि निघाला. टुप टुप टुप.

भिवाकाका नळाला पाइप लावत होते.

"काका, काका, लव्हाळा उपटा ना.
लव्हाळा हटेना,
साळुंकी येईल, मी लपू कुठं?"

काका म्हणाले, "मी नाही उपटत बाबा. काकू म्हणाल्या, ही बाप्पाची दूर्वा. तीन तीन पानं आहेत, हात लावू नका. काकू नीट ओळखतील, तर उपटेन."

टिकलू निघाला. टुप टुप टुप.

काकू स्वयंपाकघरात भाजणी चाळत होत्या. चाळण हलत होती, छस छस छस.

"काकू, काकू, नीट ओळखा ना.
काका उपटेनात,
लव्हाळा हटेना,
साळुंकी येईल, मी लपू कुठं?"

काकू म्हणाल्या, "मी कशी ओळखू रे राजा? चष्म्यावर सगळं पीठच पीठ. चष्मा चकाकेल, तर ओळखेन."

चष्मा होता काकूंच्या नाकावर. टिकलू चढला पिठाच्या डब्यावर. टुप टुप टुप.

"चष्म्या, चष्म्या, चकाक ना.
काकू ओळखेनात,
काका उपटेनात,
लव्हाळा हटेना,
साळुंकी येईल, मी लपू कुठं?"

चष्मा म्हणाला, "मी नाही चकाकत जा. फडकं पुसेल, तर चकाकेन."

फडकं कुठं होतं? मागच्या दारी, दोरीवर. टिकलू निघाला. टुप टुप टुप.

"फडक्या, फडक्या, पूस ना.
चष्मा चकाकेना,
काकू ओळखेनात,
काका उपटेनात,
लव्हाळा हटेना,
साळुंकी येईल, मी लपू कुठं?"

फडक्यातून पाणी गळत होतं, टप टप टप. फडकं म्हणालं, "मी नाही पुसत जा. मी ओलंगच्च. ऊन पडेल, तर पुसेन."

आता ऊन तर वर राहतं. टिकलू चढला कुंडीवर. कुंडीवरून चढला भिंतीवर. टुप टुप टुप.

"उन्हा, उन्हा, पड ना.
फडकं पुसेना,
चष्मा चकाकेना,
काकू ओळखेनात,
काका उपटेनात,
लव्हाळा हटेना,
साळुंकी येईल, मी लपू कुठं?"

ऊन म्हणालं, "मी कसं पडू? माझ्यापुढं ढग बसलाय. ढग हलेल, तर पडेन."

टिकलू भिंतीवरून चढला गच्चीवर. धाप लागली बिचाऱ्याला. तरी चढला. टुप टुप टुप.

"ढगा, ढगा, हल ना.
ऊन पडेना,
फडकं पुसेना,
चष्मा चकाकेना,
काकू ओळखेनात,
काका उपटेनात,
लव्हाळा हटेना,
साळुंकी येईल, मी लपू कुठं?"

ढग होता गलेलठ्ठ. ढग म्हणाला, "मी नाही हलत जा. माझं पोट बघ केवढं. वारा ढकलेल, तर हलेन."

वारा कुठं होता? अंगणाच्या कोपऱ्यात, बांबूच्या बेटात. टिकलू सगळं पुन्हा उतरला. गच्चीवरून भिंतीवर. भिंतीवरून कुंडीवर. कुंडीवरून खाली. टुप टुप टुप.

"वाऱ्या, वाऱ्या, सूट ना.
ढग हलेना,
ऊन पडेना,
फडकं पुसेना,
चष्मा चकाकेना,
काकू ओळखेनात,
काका उपटेनात,
लव्हाळा हटेना,
साळुंकी येईल, मी लपू कुठं?"

वारा काय म्हणाला असेल?

वारा म्हणाला, "घुर्रर्र... घुर्रर्र..."

झोपला होता की तो. डाराडूर.

आणि तेवढ्यात फाटकावर कोण येऊन बसलं? पिवळी चोच, पिवळे पाय. साळुंकी.

टिकलू घाबरला. खूप घाबरला. त्याला पंख नव्हते. त्याच्याकडं चोच नव्हती. त्याला होत्या फक्त दोन मिशा, केसाहून बारीक. टिकलू हळूच वाऱ्याजवळ गेला. एक मिशी वाऱ्याच्या या नाकपुडीत. एक मिशी वाऱ्याच्या त्या नाकपुडीत. आणि केली गुदगुली. गुदू गुदू गुदू.

"आ... आ... आ... आक् छी!"

सुटला की वारा.

वारा सुटला, ढग हलला.
ढग हलला, ऊन पडलं.
ऊन पडलं, फडकं वाळलं.
फडक्यानं पुसलं, चष्मा चकाकला.
चष्मा चकाकला, काकू निघाल्या.

काकू अंगणात आल्या. लव्हाळ्यापाशी वाकल्या. पानं मोजली. एक, दोन, तीन. "दूर्वाच की ही," काकू म्हणाल्या.

टिकलू बांबूखालून मान उंच करून बघत होता.

पण काकूंचा चष्मा आता चकाकत होता. काकूंनी आणखी जवळून बघितलं. काडी चिमटीत धरली आणि बोटांनी फिरवली. दूर्वेची काडी गोल असते. चिमटीत धरली की गरगर फिरते. ही काडी काही गरगर फिरेना. टक, टक, टक, अडतच राहिली. कारण ती गोल नव्हतीच. तिला होत्या तीन कडा. लव्हाळ्याला असतात तशा.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "हा तर लव्हाळा. आणि मी आज बाप्पाला हाच वाहिला."

बाप्पा काही बोलले नव्हते. बाप्पा असल्या गोष्टी मनावर घेत नाहीत.

"भिवाकाका, काढा हो हा," काकू म्हणाल्या. "आणि खालची गाठसुद्धा काढा. नाहीतर उद्या परत हजर."

"काढतो की," भिवाकाका म्हणाले. त्यांनी खुरपं घेतलं. खर्र खर्र खर्र. आधी आला लव्हाळा. मग आली मुळं. मग आली एक काळी काळी गाठ, हरभऱ्याएवढी. काकांनी सगळं उचलून टोपलीत टाकलं.

काकूंनी ओळखला, काकांनी उपटला.
काकांनी उपटला, लव्हाळा हटला.

मग काकांनी चटया जवळ सारल्या. हातानं थोपटल्या, थप थप थप. मधे राहिली एक फट. फार मोठी नाही. टिकलूएवढी. काका गेले पाइप गुंडाळायला. काकू गेल्या भाजणी चाळायला.

अंगणात कुणीच उरलं नाही. साळुंकी फाटकावरून खाली उतरली. ठुमक ठुमक.

टिकलू बांबूखालून निघाला. टुप टुप.
साळुंकी ठुमक ठुमक.
टिकलू टुप टुप.
साळुंकीनं मान वळवली.
टिकलूनं घेतली उडी. टुप!

गेला फटीत. मऊ गवत ओढून घेतलं. आता हलायचं नाही. बोलायचं नाही. शू.

साळुंकी आली. अगदी जवळ आली. तिनं इकडं बघितलं, तर हिरवं. तिकडं बघितलं, तर हिरवं. नाकतोडा काही दिसेना. तिनं शेपटी हलवली आणि उडून गेली. भुर्रर्र.

टिकलूनं गवतातून एक डोळा बाहेर काढला. मग दुसरा काढला. साळुंकी नाही. लव्हाळा पण नाही. नुसतं मऊमऊ गवत, आणि आपली खोली.

हुश्श.

मग टिकलूनं पाय पसरले. हा एक, हा एक, हा एक. सगळेच्या सगळे पसरले, आणि गाढ झोपला.