तिसऱ्या यंत्राचा दोष

"मग दोष कुणाचा ठरवलास?" गणपुलेसरांनी विचारलं.

शार्दूलनं हातातलं कौल पुढं दिलं. "तेव्हा तिसऱ्या यंत्राचा. आता चौथ्याचा दिसतो."

सर संगणक शिकवण्याची नोकरी संपवून कोकणात घरी येऊन राहिले होते. मे महिन्यात घर शाकारायचं चाललेलं. माणसं ओळीनं उभी, कौलं हातोहात वर जात होती. शार्दूल त्यांचा जुना विद्यार्थी, हुशार, आणि ते त्याला ठाऊकही. शहरातून आला तो थेट ओळीतच उभा राहिला.

त्यानं सांगितलं ते असं. त्यांच्या कंपनीचा, जावा भाषेत लिहिलेला प्रोग्राम पाच यंत्रं, म्हणजे पाच संगणक, मिळून चालवतात. दर दोन सेकंदांनी प्रत्येक यंत्र बाकीच्यांना कळवतं, मी आहे. ह्या प्रोग्रामची चाचणी कधी पास व्हायची, कधी पडायची. मग ह्यानं आपल्या टेबलावरून तिसऱ्या यंत्राला डीबगर जोडला. म्हणजे काय, तर दूरच्या यंत्राचं चालतं काम एका ओळीपाशी रोखून धरायचं आणि आत डोकवायचं. जोडला की चाचणी तिथंच पडायची, दर खेपेला. तिसऱ्यावरचं काम होतं त्याच्याबरोबरच्या हेमांगीचं. ह्यानं तसा अहवाल दिला. कंपनीनं तिला काढलं.

"ती काही बोलली नाही?"

"म्हणाली, तू जोडत नाहीस तेव्हा बऱ्याचदा चालतं रे ते. मी हसलो."

तिचं काम दुसऱ्यानं नव्यानं लिहिलं, तरी चाचणी पडतच राहिली. आता डीबगर चौथ्याला जोडला, तर चौथं पडतं.

"सर, दोष असा जागा बदलतो का?"

सर ओळीत शार्दूलच्या पुढं उभ्या असलेल्या भागीवहिनींना म्हणाले, "वहिनी, जरा इकडं बघा."

वहिनी वळल्या. शार्दूलनं हाताच्या सवयीनं पुढचं कौल सोडलं. खाली पडून फुटलं.

"कुणी फोडलं?" सरांनी विचारलं.

शार्दूलचं बोट वहिनींकडं गेलं.

"मला काय दाखवतोस बाबा," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या मास्तरांनी हाक मारली म्हणून थांबले."

बोट तसंच राहिलं... मग हळूहळू खाली आलं.

"मी यंत्र रोखून धरलं," तो पुटपुटला, "म्हणून त्याचा निरोप जाईना. बाकीच्या चौघांनी ते मेलं असं धरलं... खरा दोष मला सापडलेलाच नाही."

वर छपरावरचा माणूस कौल मागत होता. कुणी दिलं नाही.

"सर, डीबगर तुम्हीच शिकवलात."

"हो," सर म्हणाले. "जोडायला शिकवलं... तेवढंच शिकवलं."

ते खाली बसून खापऱ्या वेचू लागले. हेमांगी आता कुठं असते, ते त्यांनी वर न बघताच विचारलं. शार्दूलला माहीत नव्हतं. तिचा नंबर लागत नव्हता.

"मी आजच लिहितो, सर. अहवाल परत घेतो."

सरांनी शेवटची खापरी उचलली.

"अहवाल येईल परत."